गोंदणाऱ्याची सुई आणि निर्जंतुकतेचा दाखला

जत्रेच्या पालात बसून बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने पोरासोरांच्या मनगटांवर नावे उमटवणारा गोंदणारा आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या उंची वस्तीतील वातानुकूलित दालनात, आगाऊ वेळ मुक्रर केल्याखेरीज गिऱ्हाइकाला हात न लावणारा टॅटू-कलावंत, या दोघांच्या राहणीत, दरांत आणि प्रतिष्ठेत कितीही अंतर असले, तरी समोरच्या माणसाच्या देहावर ते जी क्रिया करतात ती शारीरशास्त्राच्या दृष्टीने एकच असते: सुईने कातडी छेदून तिच्या आत रंग ठेवणे. पूर्वी गावोगाव फिरून आयाबायांच्या कपाळावर ठिपके आणि हातावर तुळस किंवा विंचू गोंदणाऱ्या स्त्रियाही तीन-चार सुया एकत्र बांधून काजळीने हेच करीत. साधने पालटली, नक्षी पालटली, खेड्यातली रीत ती शहरातली हौस झाली. परंतु छेदलेल्या कातडीतून रंगाबरोबर आणखी काय आत जाते, हा प्रश्न तेव्हा होता तसाच आजही उभा आहे, आणि त्याचे उत्तर दुकानाच्या झगमगाटावरून मिळत नाही. फरशी लखलखीत असावी, भिंती शुभ्र असाव्यात, आणि तरीही सुई दूषित असावी, हे सहज संभवते. निर्जंतुकता डोळ्यांना दिसत नाही; ती पुराव्यानेच ओळखावी लागते. म्हणून गोंदणाऱ्याने कोणते साधन घ्यावे आणि कोणते टाकावे, या प्रश्नाचा बहुतेक सारा उलगडा 'याच्या निर्जंतुकतेचा दाखला काय?' या एकाच विचारणेने होतो, असे दाखवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कातडीची रचना पाहू. त्वचेचे वरचे पटल, म्हणजे बाह्यत्वचा, कागदासारखे पातळ असून त्यातील पेशी अहोरात्र झडत व नव्याने घडत असतात. तेथे ठेवलेला रंग काही आठवड्यांतच निघून जाईल. यास्तव गोंदणाऱ्याची सुई या पटलाच्या पलीकडे, एक ते दोन मिलिमीटर खोलीवर असलेल्या अंतस्त्वचेपर्यंत पोहोचावी लागते, आणि अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या यांचे दाट जाळे पसरलेले असते. रंगाचे कण तेथे शिरताच शरीराच्या रक्षक पेशी त्यांना परके समजून गिळतात. परंतु ते पचत नसल्यामुळे पेशींच्या पोटातच अडकून राहतात, आणि अशी एखादी पेशी मेली की तिने सोडलेले कण शेजारची नवी पेशी उचलते, असे उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. गोंदण आयुष्यभर टिकते याचे श्रेय अशा रीतीने शरीराच्या संरक्षणव्यवस्थेकडेच जाते. परंतु विजेवरचे यंत्र मिनिटाला शेकडो, प्रसंगी तीन हजारांपर्यंत टोचे मारते, हे ध्यानात घेतले म्हणजे तासाभराच्या बैठकीत या व्यवस्थेची तटबंदी किती वेळा भेदली जाते याची कल्पना येईल. शस्त्रवैद्याच्या शस्त्राला निर्जंतुकतेचा जो नियम लागू आहे तोच या सुईला लागू असला पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.

या नियमाची हयगय झाली म्हणजे काय होते, याच्या कैफियती इतिहासात नमूद आहेत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका गोंदणाऱ्याच्या तोंडात उपदंशाचे व्रण असताना तो थुंकीने रंग भिजवीत असे आणि त्यामुळे त्याच्या अनेक गिऱ्हाइकांना तो रोग जडला, असा वृत्तांत दोन वैद्यांनी 1878 साली प्रसिद्ध केला. पुढे 1891 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व मिळवले. एडिसनच्या विद्युत-लेखणीचे तत्त्व त्याने त्यात वापरले होते. काम झपाट्याने होऊ लागले, गिऱ्हाइके वाढली, आणि एकाच सुईखालून जाणाऱ्या माणसांची संख्याही वाढली. त्याच न्यूयॉर्क शहरात काविळीच्या प्रादुर्भावाचे कारण देऊन आरोग्यखात्याने 1961 मध्ये गोंदण्याच्या धंद्यावर बंदी घातली, आणि ती उठावयास 1997 साल उजाडावे लागले. कावीळ 'ब'चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात, शरीराबाहेर, किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो ही एक गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला ती बंदी अनाठायी वाटणार नाही. काल संध्याकाळी वापरलेली, पुसून ठेवलेली आणि आज सकाळी पुन्हा उचललेली सुई त्या विषाणूच्या लेखी अद्याप ताजीच असते.

आता 'स्वच्छ' या एकाच विशेषणाने आपण तीन भिन्न अवस्थांची बोळवण करतो, तो घोटाळा दूर केला पाहिजे. साबणपाण्याने मळ, रक्त व चिकटपणा काढून टाकणे ही पहिली पायरी. रासायनिक द्रवाने बहुसंख्य रोगजंतू मारणे, म्हणजे जंतुनाशन, ही दुसरी. आणि जंतूंच्या अत्यंत चिवट बीजाणूंसह यच्चयावत सूक्ष्मजीवांचा नायनाट करणे, म्हणजे निर्जंतुकीकरण, ही तिसरी. कोणत्या वस्तूला कोणती पायरी पुरे, याची सुटसुटीत व्यवस्था अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास लावून दिली, आणि रुग्णालये आजही तिला अनुसरतात. जी वस्तू कातडी भेदून ऊतींत शिरते ती निर्जंतुकच हवी; जी श्लेष्मल आवरणाला अथवा जखमी कातडीला स्पर्श करते तिला उच्च प्रतीचे जंतुनाशन हवे; आणि जी अखंड कातडीलाच लागते तिला साधी सफाई व सौम्य जंतुनाशन पुरते. या वर्गवारीप्रमाणे गोंदणाऱ्याच्या सुया पहिल्या वर्गात पडतात हे उघड आहे. परंतु सुई ज्या नळीतून खालीवर होते ती नळी, सुईच्या टोकाला लागणारी शाई आणि ती शाई विरळ करण्याचे पाणी ही सर्व त्याच वर्गात मोडतात, ही गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. टेबल, दिवा, खुर्ची यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाची वागणूक पुरेशी आहे. साधनांची निवड म्हणजे मुख्यतः पहिल्या वर्गातील वस्तूंची निवड होय.

सुया पाण्यात उकळल्या की काम भागते, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. काही जंतू प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करून बीजाणूंच्या रूपाने राहतात व असे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही जिवंत निघतात, हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने 1876 च्या सुमारास दाखवून दिले. तेव्हा 100 अंशांच्या पलीकडे जाणे क्रमप्राप्त झाले, आणि पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबेरलाँ याने 1879 मध्ये ते पात्र सिद्ध केले, ज्याला आज ऑटोक्लेव्ह म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर ज्या तत्त्वावर डाळ शिजवतो तेच तत्त्व येथेही आहे: बंद पात्रात वाफेचा दाब वाढला की तिचे तापमानही चढते, आणि वातावरणाहून चौरस इंचाला सुमारे 15 पौंड अधिक दाबाखाली वाफ 121 अंश सेल्सिअसला पोहोचते. वाफेचे सामर्थ्य तापमानापुरतेच नाही. थंड धातूला स्पर्श होताच ती पाण्यात रूपांतर पावते आणि तसे होताना दर ग्रॅमला सुमारे 540 कॅलरी इतकी सुप्त उष्णता त्या पृष्ठभागावर सोडून देते. म्हणूनच कोरड्या भट्टीत 160 अंशांना जेथे दोन तास लागतात, तेथे संतृप्त वाफेत 121 अंशांना, पाकिटात गुंडाळलेल्या साधनांना देखील, सुमारे अर्धा तास पुरतो, आणि हवा उपसून घेणाऱ्या यंत्रात 132 अंशांना चार मिनिटांत कार्यभाग होतो.

या हवेच्या उपशावरच गोंदणाऱ्याने आपले लक्ष विशेष केंद्रित करावयास हवे. ऑटोक्लेव्हमध्ये वाफ व हवा यांचे सख्य नसते. जेथे हवा कोंडून राहते तेथे वाफ शिरत नाही आणि तेथले जंतू खुशाल जगतात. भरीव चिमटा उघडा ठेवला तर त्याच्या सर्व अंगांना वाफ लागते. परंतु गोंदणाऱ्याची पोलादी नळी आणि पकड, ज्यांना या धंद्यात ट्यूब व ग्रिप म्हणतात, या पोकळ वस्तू असतात, आणि अरुंद पोकळीत हवेचा बुडबुडा अडकून बसणे अत्यंत सोपे असते. युरोपीय मानकांत लहान ऑटोक्लेव्हची जी प्रतवारी केली आहे तिच्यात 'एन' वर्गाचे यंत्र न गुंडाळलेल्या भरीव साधनांपुरतेच ग्राह्य असून, पोकळ व पाकीटबंद साधनांसाठी पंपाने वारंवार निर्वात करणारे 'बी' वर्गाचे यंत्र सांगितले आहे. दोघांच्या किमतींत मोठे अंतर असल्यामुळे पहिले विकत घेऊन दुसऱ्याचे काम त्याच्याकडून करून घेण्याचा मोह होतो. तसे करणाऱ्याच्या नळ्या बाहेरून निर्जंतुक आणि आतून जशाच्या तशा राहण्याचा संभव असतो. घरगुती कुकर तर या कामी सर्वथा वर्ज्यच मानला पाहिजे, कारण त्यात हवा पुरती निघून गेल्याची खूण नाही, तापमानाची नोंद नाही आणि शेवटी साधने वाळवण्याची तजवीजही नाही.

शिवाय ऑटोक्लेव्हमध्ये जाण्यापूर्वी साधन मळरहित झालेले असावे लागते. वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली दडलेला जंतू वाफेपासूनही बचावतो, आणि शिजलेले रक्त धातूला असे चिकटते की पुढे ते निघता निघत नाही. म्हणून वापरलेली नळी वाळू न देता एन्झाइमयुक्त द्रावणात बुडवावी, बारीक कुंचल्याने पोकळी घासावी आणि मग ध्वनिलहरींच्या कुंडात सोडावी. श्रवणातीत ध्वनीच्या कंपनांनी त्या कुंडातील पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व खाचाखोचांतला मळ उचकटून काढतात. मात्र हे कुंड धुण्याचेच काम करते, निर्जंतुक करण्याचे नव्हे, आणि त्याचे झाकण बंद नसेल तर दूषित तुषार खोलीभर उडतात. यानंतर साधन स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, एक बाजू कागदाची व दुसरी पारदर्शक असलेल्या पाकिटात बंद करावयाचे, पाकिटे यंत्रात दाटीवाटीने न कोंबता सुटी मांडावयाची, आणि चक्र संपल्यावर ती कोरडी झाल्यावाचून हात लावावयाचा नाही, असा शिरस्ता आहे. ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. घाईने बाहेर काढलेले ओलसर पाकीट म्हणजे वाया गेलेले सर्व श्रम.

येथे दाखल्याचा विषय पुन्हा उपस्थित होतो. पाकिटावरील पट्टी उष्णतेने रंग पालटते, आणि पुष्कळ गिऱ्हाइकेच काय पण कलावंतही त्या रंगबदलास निर्जंतुकतेचे प्रमाणपत्र समजतात. वस्तुतः साध्या पट्टीचा अर्थ एवढाच की पाकीट तापलेल्या यंत्रातून जाऊन आले. आतल्या नळीच्या पोटात वाफ पोहोचली किंवा नाही, पुरेसा काळ टिकली किंवा नाही, याबद्दल ती मौन पाळते. खरी रुजुवात बीजाणूंच्याच साक्षीने होते. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस नावाचा एक उष्णताप्रिय जंतू असून त्याचे बीजाणू वाफेला सहजासहजी दाद देत नाहीत. ठरावीक संख्येने ते बीजाणू लावलेली कागदी पट्टी नेहमीच्या साधनांबरोबर यंत्रात ठेवतात, चक्र पूर्ण झाल्यावर ती पोषक द्रावणात 55 ते 60 अंशांवर उबवतात, आणि काही उगवले नाही तर यंत्र आपले काम चोख करीत आहे असे मानतात. ही परीक्षा ठरावीक मुदतीने घेऊन तिचा निकाल, चक्राची तारीख, तापमान व काळ यांच्यासह, वहीत नोंदवलेला असला म्हणजे त्या दुकानाच्या निर्जंतुकतेला दप्तरी आधार आहे असे म्हणता येते. ही वही दाखवता न येणाऱ्या दुकानातला ऑटोक्लेव्ह, तो कितीही महागडा असला तरी, शोभेच्या वस्तूंत जमा करण्यास हरकत नाही. निळ्या प्रकाशाच्या काचपेटीविषयी तर वेगळे लिहावयास नको: अतिनील किरण ज्या पृष्ठभागावर थेट पडतात तेवढ्यावरच परिणाम करतात, सावलीत व पोकळीत ते पोहोचत नाहीत, आणि म्हणून ती पेटी निर्जंतुकीकरणाचे यंत्र ठरत नाही.

हा सर्व व्याप पाहिल्यावर एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या साधनांकडे हा धंदा का वळला, हे सहज कळते. सुया, त्यांच्या प्लास्टिक नळ्या आणि अलीकडे सुई व नळी एकत्र असलेली कार्ट्रिजे कारखान्यातच बंद पाकिटात निर्जंतुक होऊन येतात. बहुधा हे काम एथिलीन ऑक्साइड या वायूने होते. तो पाकिटाच्या कागदातून आत शिरतो, जंतू मारतो आणि नंतर हवेशीर जागी ठेवून त्याचा अंश काढून टाकावा लागतो. दुसरा मार्ग गॅमा किरणांचा. आपल्याकडे वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचा 'आयसोमेड' हा प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्राने मुंबईत ट्रॉम्बे येथे 1974 मध्ये सुरू केला. कोबाल्ट-60 पासून निघणारे किरण खोक्यासकट, पाकिटासकट मालाच्या आरपार जातात, त्यामुळे शेवटचे वेष्टन चढल्यावरच निर्जंतुकीकरण करता येते व पुन्हा त्याला कोणाचा हात लागत नाही. कोणत्याही मार्गाने आलेले असो, पाकीट हातात घेताच चार गोष्टींची खातरजमा करावी: चिकटवलेली कड सलग आहे, पाकिटाला छिद्र किंवा ओल नाही, मुदतीची तारीख उलटलेली नाही, आणि उत्पादनाचा गट-क्रमांक छापलेला आहे. हा क्रमांक गिऱ्हाइकाच्या नोंदीत उतरवून ठेवला तर पुढे काही विपरीत घडल्यास माग काढता येतो. त्यानंतर भिंगातून सुईचे टोक पाहावे. वाकडे किंवा खरबरीत टोक निर्जंतुक असले तरी कातडी छेदण्याऐवजी फाडते, आणि फाटलेली कातडी उशिरा भरते.

कार्ट्रिज निवडताना आणखी एक बारकावा पाहावा लागतो. सुई मागेपुढे होत असताना रक्त व शाई यांचे मिश्रण नळीतून उलट दिशेने यंत्राकडे ओढले जाऊ शकते, आणि यंत्रात मोटार व विजेचे भाग असल्यामुळे त्याला ऑटोक्लेव्हमध्ये घालण्याची मुभा नसते. चांगल्या कार्ट्रिजच्या आत एक लवचीक पडदा असतो, तो हा उलटा प्रवाह अडवतो. स्वस्त मालात तो पडदा एक तर नसतो किंवा थोड्या वेळात फाटतो, आणि मग दर गिऱ्हाइकाला नवी कोरी सुई लावूनही मागच्या माणसाचे रक्त यंत्राच्या तोंडाशी तसेच राहते. म्हणून पडद्याचे कार्ट्रिज घ्यावयाचे, आणि त्याउपरही यंत्र, विजेची दोरी, फवाऱ्याची बाटली व हात टेकण्याची उशी यांच्यावर प्लास्टिकचे आवरण चढवून ते दर गिऱ्हाइकागणिक बदलावयाचे. ज्या वस्तूची निर्जंतुकता सिद्ध करता येत नाही तिच्याशी दूषित हाताचा संबंधच येऊ द्यावयाचा नाही, हे या आवरणांमागचे धोरण.

एवढे सर्व केले तरी शाईचा मामला उरतोच, आणि तो सर्वांत नाजूक आहे. 2011 च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे एकाच कलावंताकडे गोंदवून घेतलेल्या 19 माणसांच्या कातडीवर चिवट, उंचवट्याचे लाल पुरळ उठले. तपासाअंती त्यांतील अनेकांत मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा, क्षय व महारोग यांच्या जंतूंच्याच कुळातला, पाण्यात वाढणारा जंतू सापडला, आणि सर्वांचा समान उगम कारखान्यातूनच विरळ करून आलेल्या राखाडी शाईत निघाला. उत्पादकाला ती शाई बाजारातून परत मागवावी लागली. साधे उर्ध्वपातित पाणी शुद्ध असते परंतु निर्जंतुक असेलच असे नाही, हा धडा त्या प्रकरणाने शिकवला. कलावंताने शाई विरळ करावयाची तर वैद्यकीय उपयोगाचे सीलबंद निर्जंतुक पाणीच वापरावे. नळाचे किंवा बाटलीतले पिण्याचे पाणी कदापि वापरू नये. शाई लहान टोपणात गिऱ्हाइकापुरतीच ओतावी, उरलेली टाकून द्यावी, ती बाटलीत परत ओतणे हा अक्षम्य गुन्हा समजावा, आणि बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. परंतु येथे दाखलाही पारखून घ्यावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाईच्या 75 नमुन्यांपैकी 26 नमुन्यांत जिवंत जंतू सापडले, आणि बाटलीवर 'निर्जंतुक' असे छापलेले असणे व आत जंतू नसणे यांचा निश्चित संबंध आढळला नाही. स्वतःच स्वतःला दिलेल्या दाखल्याची किंमत बेताचीच. म्हणून निर्जंतुकीकरण कोणत्या पद्धतीने झाले हे जो सांगतो आणि गटागणिक चाचणीचे पत्रक देतो, अशाच उत्पादकाची शाई घ्यावी.

हातमोज्यांची निवड वरवर क्षुल्लक वाटते, पण तिच्यातही विज्ञान आहे. गोंदताना कातडीवर व्हॅसलीनचा लेप देण्याची चाल सर्वत्र आहे, आणि खनिज तेलापासून बनलेले असे लेप नैसर्गिक रबराला पोखरून त्याचे धागे शिथिल करतात. वर न दिसणारी सूक्ष्म छिद्रे पडून मोजा निरुपयोगी होतो. नायट्राइल या कृत्रिम रबरावर तेलाचा असा परिणाम होत नाही, शिवाय रबराची ॲलर्जी असलेल्या गिऱ्हाइकालाही त्यापासून बाधा नसते. म्हणून या कामाला नायट्राइलचेच मोजे योग्य. परंतु मोजा हा हात धुण्यास पर्याय नाही. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात सेमेलवाइसने 1847 मध्ये वैद्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास भाग पाडून बाळंतिणींचे मृत्यू घटवले. ती शिस्त मोजे चढवण्यापूर्वी व उतरवल्यानंतर तितकीच आवश्यक आहे. एक दृश्य मात्र पुष्कळ दालनांत दिसते: काम रंगात आलेले असते, खिशातला फोन वाजतो, कलावंत मोजा घातलेल्याच हाताने तो उचलतो, कानाला लावतो आणि पुन्हा सुई हाती घेतो. तेवढ्यात गिऱ्हाइकाचे रक्त फोनवर गेलेले असते आणि फोनवरचे जंतू जखमेवर आलेले असतात. अशा वेळी नवा मोजा लागतो. म्हणून जे जे लागणार ते ते आधीच काढून मांडून ठेवणे हाच शहाणपणा.

टेबल व खुर्ची पुसण्याच्या द्रवांविषयीही दोन शब्द. मद्यार्क जितका तीव्र तितका गुणकारी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात 70 टक्के मद्यार्क निर्भेळ मद्यार्कापेक्षा अधिक परिणामकारक असतो, कारण जंतूंच्या प्रथिनांची घडण मोडण्यास पाण्याचे साहाय्य लागते. मात्र मद्यार्क बीजाणूंना मारत नाही, तेव्हा सुई त्यात बुडवून ती निर्जंतुक झाली असे मानणे ही फसवणूक होय. ब्लीचिंगचे द्रावण रक्ताच्या डागांवर चांगले चालते, पण ते रोज ताजे करावे लागते आणि आधी डाग पुसून घ्यावा लागतो, कारण रक्तातील द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरीनची शक्ती वाया जाते. प्रत्येक जंतुनाशकाच्या डब्यावर पृष्ठभाग किती मिनिटे ओला राहिला पाहिजे हे छापलेले असते, आणि फवारून लगेच कोरडा पुसण्याची जी सवय सर्वत्र आहे तिने त्या द्रवाचा बहुतेक सारा खर्च फुकट जातो.

काम संपले की सुईचा प्रवास संपतो, धोका मात्र संपत नाही. रुग्णालयांच्या जैववैद्यकीय कचऱ्यासाठी 2016 चे जे नियम आहेत त्यांत टोकदार वस्तू पांढऱ्या, पारभासक व न टोचता येणाऱ्या डब्यात टाकावयास सांगितले आहे, आणि गोंदणाऱ्यानेही तोच कित्ता गिरवावा. साध्या पिशवीत टाकलेली सुई शेवटी कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात जाते. कलावंताचे स्वतःचे बोटही सुरक्षित नसते. बाधित रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या माणसाला कावीळ 'ब' जडण्याचा संभव शेकडा 6 ते 30, कावीळ 'क'चा शेकडा दोनच्या आतबाहेर आणि एचआयव्हीचा हजारी तीन असा मानला जातो. पहिल्या रोगावर तीन मात्रांची उत्तम लस आहे, दुसऱ्यावर नाही, आणि तिसऱ्यासाठी 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. तेव्हा लस न टोचून घेता या धंद्यात पडणे हे अविचाराचे आहे, आणि सुई टोचल्यावर जखम वाहत्या पाण्याने धुऊन तातडीने शासकीय रुग्णालय गाठणे हे कर्तव्य आहे.

मग पोलादी नळ्या व ऑटोक्लेव्ह हे उत्तम, की एकदाच वापरावयाची साधने उत्तम? दाखल्याच्या कसोटीने पाहिले असता याचे उत्तर माणसागणिक भिन्न येते. ज्याच्यापाशी योग्य वर्गाचे यंत्र, धुण्याची स्वतंत्र जागा, बीजाणू-चाचणीची सोय आणि वही लिहिण्याची चिकाटी आहे, त्याने पोलाद वापरावे. त्याने प्लास्टिकचा कचराही वाचेल. ज्याला यांतील एखादीही गोष्ट सातत्याने जमणार नाही, त्याने कारखान्याचा दाखला असलेले बंद पाकीट घ्यावे. जत्रेतल्या गोंदणाऱ्याला तर हाच मार्ग मोकळा आहे, आणि तो अवघडही नाही: पाकिटाला वीज लागत नाही, पाणी लागत नाही, यंत्र लागत नाही, प्रत्येक माणसामागे एक नवे पाकीट त्याच्यासमक्ष फोडणे, टोपणभर शाई नव्याने ओतणे, मोजे बदलणे आणि वापरलेली सुई पुन्हा हाती न घेणे एवढ्यानेच त्याच्या पालातील जोखमीचा मोठा भाग नाहीसा होईल. गिऱ्हाइकानेही भीड बाजूला ठेवून, पाकीट माझ्यासमोर फोडा, असे म्हणावयास शिकले पाहिजे.

दाखल्याला व्यवहारात काय मोल आहे, हे पाहावयाचे असेल तर रक्तपेढीच्या नियमांकडे पाहावे. आपल्याकडील 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोंदवून घेतलेल्या माणसाला बारा महिने रक्तदान करता येत नाही. त्याने कोठे गोंदवले, सुई कशी होती, याची विचारणा करून काही उपयोग नसतो, कारण त्याच्या सांगण्याची शहानिशा करता येईल अशी व्यवस्थाच रक्तपेढीच्या हाती नाही, आणि म्हणून ती काळालाच जामीन ठेवते. अमेरिकेत मात्र राज्याच्या नियमनाखालील दुकानात, निर्जंतुक सुईने व पुन्हा न वापरलेल्या शाईने गोंदवून घेतलेल्या दात्याला थांबावे लागत नाही. अनियमित जागी गोंदवलेल्याला तीन महिने थांबावे लागते. दोन्हीकडे सुई तीच आहे, कातडी तीच आहे आणि विषाणूही तेच आहेत. फरक एवढाच की एकीकडे कलावंताच्या काळजीला ग्राह्य पुराव्याचे रूप मिळाले आहे आणि दुसरीकडे ते अद्याप मिळावयाचे आहे. आपल्या कलावंतांनी स्वतः होऊन नोंदी ठेवावयास आरंभ केला, आणि नगरपालिकांनी त्या नोंदी तपासून परवाने द्यावयास सुरुवात केली, तर काळजीपूर्वक काम करणारा आणि निष्काळजीपणे काम करणारा यांना एकाच मापाने मोजण्याची रक्तपेढीवरही पाळी येणार नाही.